माद्रिद ते लिस्बन: अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि दारापासून दारापर्यंतचा खरा वेळ कसा काढायचा

माद्रिद आणि लिस्बन, दोन शेजारी देशांच्या राजधान्या, नकाशात बघितलं तर बोटभर अंतर. सर्च केलं की लगेच उत्तर येतं, साधारण ५०० किलोमीटर, विमानाने सव्वा तास. आम्ही पण तेवढंच बघून प्लॅन केला होता. आईबाबांना घेऊन स्पेन-पोर्तुगाल करायचं होतं, आत्या लिस्बनला राहते (आम्ही वास्कोचे, गोव्यातल्या बऱ्याच घरांसारखं आमचं पण एक टोक पोर्तुगालमध्ये आहे), म्हटलं सकाळी माद्रिदहून निघू आणि दुपारचं जेवण आत्याकडे. जेवण झालं आत्याकडेच, पण जो हिशोब मी करून ठेवला होता तो सगळा चुकला, आणि आईबाबांना एअरपोर्टवर बाकड्यावर तासभर बसून राहावं लागलं. ते का झालं ते खाली सांगतेच. तेव्हापासून मी कुठलीही दोन शहरं घेतली की हा हिशोब नीट मांडते, आणि ओळखीतले लोक विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला मोजेपर्यंत पटली नव्हती. माद्रिद ते लिस्बन सरळ रेषेत सुमारे ५०३ किमी. माद्रिद ते बार्सिलोना सरळ रेषेत सुमारे ५०५ किमी. म्हणजे अंतर जवळजवळ सारखंच, विमानाचा वेळही सारखाच, पण एका ठिकाणी विमानाने जावं आणि दुसऱ्या ठिकाणी विमानाचा विचारही करू नये. नुसते किलोमीटर आणि फ्लाइट टाइम बघून हे कधीच कळलं नसतं.

पायरी १: कुठलं अंतर ते आधी ठरवा

"अंतर किती" याला चार वेगवेगळी उत्तरं असतात आणि वेबसाइट्स ती एकमेकांत मिसळून टाकतात.

शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत सरळ रेषेत ५०३ किमी. एअरपोर्टपासून एअरपोर्टपर्यंत सुमारे ५१४ किमी, कारण माद्रिदचं बाराखास विमानतळ शहराच्या ईशान्येला आहे आणि लिस्बन नैऋत्येला, म्हणजे विमानाला आधी उलट्या बाजूचं अंतरही कापायचं असतं. रस्त्याने साधारण ६२५ किमी. आणि विमान प्रत्यक्षात जेवढं उडतं ते ५१४ पेक्षा थोडं जास्तच भरतं, कारण टेकऑफ कुठल्या दिशेला, लँडिंगसाठी वळसा कुठून, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, मैल दोन प्रकारचे असतात. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, तो १.८५२ किमीचा, आणि साधा मैल १.६०९ किमीचा. त्यामुळे हेच ५१४ किमी कुठे २७७ दिसतात तर कुठे ३१९, आणि दोन्ही बरोबर असतात.

पायरी २: अंतर स्वतः मोजून बघा

फोनवर मॅप उघडून एका जागी बोट दाबून धरलं की अंतर मोजायचा पर्याय येतो, तो वापरा, सोपं आहे. पण हाताने एकदा करून बघण्यात मजा आहे, माझ्या भाचीला सातवीत असताना मी हेच उदाहरण देऊन अक्षांश-रेखांश शिकवले.

माद्रिद ४०.४२ उत्तर, ३.७० पश्चिम. लिस्बन ३८.७२ उत्तर, ९.१४ पश्चिम. अक्षांशातला फरक १.७ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे साधारण १११ किमी, म्हणून १.७ गुणिले १११, झाले १८९ किमी. रेखांशातला फरक ५.४४ अंश, पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्तावर १११ किमी आणि ध्रुवाकडे जाऊ तसा लहान होत जातो, या दोन शहरांच्या मधल्या अक्षांशावर तो साधारण ८६ किमीचा आहे. म्हणून ५.४४ गुणिले ८६, झाले ४६८ किमी. आता शाळेतला पायथागोरस: १८९ चा वर्ग ३५,७२१, ४६८ चा वर्ग २,१९,०२४, बेरीज २,५४,७४५, वर्गमूळ ५०५ च्या किंचित खाली. खरं अंतर ५०३. कागद-पेनवर दोन किलोमीटरचाही फरक नाही पडला!

फक्त हे लहान अंतरालाच चालतं. लिस्बन ते हेलसिंकी, म्हणजे युरोपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, सुमारे ३,३६० किमी, तिथे पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब घ्यावाच लागतो, तेव्हा तिथे मॅपचं टूल वापरा.

हे सरळ रेषेतलं अंतर नुसतं कुतूहलाचं नाही बरं का. युरोपियन युनियनचा २००४ सालचा २६१ नंबरचा नियम आहे, फ्लाइट लेट किंवा कॅन्सल झाली तर प्रवाशाला भरपाई किती ते त्यात ठरतं, आणि ते ठरतं याच गोलाईवरच्या सरळ अंतरावर, रस्त्याच्या किंवा प्रत्यक्ष उडालेल्या अंतरावर नाही. १,५०० किमीपर्यंतच्या फ्लाइटला २५० युरो. माद्रिद-लिस्बन ५१४, म्हणजे आपण या गटात. तीन तास किंवा जास्त उशिराने पोचलात आणि कारण एअरलाइनच्या हातातलं होतं (खराब हवामान, कंट्रोल टॉवरचे निर्बंध असलं काही नव्हतं) तर मागा, लाजू नका. दोन तासांच्या वर लटकवलं तर खाणंपिणं देणं हेही त्यांच्यावरच आहे, तिथे कारण काहीही असो. या नियमात बदल करायची चर्चा चालू असते, त्यामुळे निघण्याआधी ताजा नियम एकदा बघून घ्या.

पायरी ३: फ्लाइट टाइमचा अंदाज

तिकिटावर जो वेळ असतो तो हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून मागे सरकतं तिथपासून दुसऱ्या गेटला लागून थांबतं तिथपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं, पुन्हा गेटपर्यंत सरकणं सगळं आलं. माद्रिद-लिस्बनला तिकिटावर साधारण १ तास १५ ते २५ मिनिटं दिसतात, त्यातला हवेतला वेळ तासाभराच्या आसपासच.

माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८०० ने भागायचं, तासांची मिनिटं करायची, त्यात ४० मिनिटं मिळवायची. ५१४ भागिले ८०० म्हणजे ०.६४ तास, म्हणजे ३८ मिनिटं, अधिक ४०, झाली ७८ मिनिटं. तिकिटाशी बरोबर जुळलं. पॅरिस-रोम सुमारे १,१०० किमी, ८२ अधिक ४०, दोन तासांच्या थोडं वर, तेही जुळतं. लिस्बन-हेलसिंकी पावणेपाच-पाच तास येतात, तेही ठीक. जिथे मात्र फसतं ते म्हणजे लंडन हीथ्रो ते पॅरिस शार्ल द गोल, जेमतेम ३५० किमी, ठोकताळ्याने ६६ मिनिटं, पण तिकिटावर सव्वा तास किंवा वर दिसतो कारण दोन्ही विमानतळांवर प्रचंड गर्दी, एअरलाइन आधीच वेळ वाढवून ठेवते. म्हणून मोठ्या गर्दीच्या एअरपोर्टला वर आणखी १०-१५ मिनिटं धरा.

वारा पण बघायचा. या भागात उंचावर वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे लिस्बनला जाताना वारा समोरून, माद्रिदला येताना पाठीमागून. ताशी ८० किमीचा वारा धरला आणि सरळ उडण्याचं अंतर ४०० किमी धरलं तर जाताना ३३ मिनिटं, येताना २७. सहा मिनिटांचा फरक, एवढ्याशा अंतरात जाणवत पण नाही, लांब फ्लाइटला मात्र हाच फरक तासाचा होतो.

लिस्बनला उशीर का होतो याचं खरं कारण वेगळंच आहे. माद्रिदला चार धावपट्ट्या आहेत, लिस्बनला वापरात एकच. शहराच्या अगदी अंगाशी विमानतळ, वाढायला जागा नाही, सगळी विमानं एकामागे एक. म्हणून संध्याकाळच्या फ्लाइटपेक्षा सकाळची घ्या, दिवसभराचा साठत गेलेला उशीर सकाळी नसतो. नवीन विमानतळ नदीपलीकडे अल्कोशेतेला करायचं २०२४ मध्ये ठरलंय आणि त्याला नाव देणार कवी लुईश द कामोंइश यांचं, जे सोळाव्या शतकात आपल्या गोव्यात येऊन राहिले होते. वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पायरी ४: घड्याळ, इथेच आम्ही फसलो

आमच्या तिकिटावर होतं, निघणार १०:१०, पोचणार १०:३०. बाबा म्हणाले वीस मिनिटांत कसं पोचेल, छापताना चुकलंय. मी पण नीट विचार न करता १०:१० मध्ये एक तास वीस मिनिटं मिळवली आणि आतेभावाला कळवलं की साडेअकराला ये. तो बिचारा ऑफिसमधून सुट्टी काढून बरोबर साडेअकराला हजर. आम्ही उतरलो होतो साडेदहाला. आईचे गुडघे दुखतात, तिला त्या बाकड्यावर बसवून ठेवलं याचं मला अजून वाईट वाटतं.

नियम साधा आहे, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे. म्हणून जाताना १०:१० ला निघून १०:३० ला पोचता, आणि येताना १०:१० ला निघालात तर १२:३० वाजतात. जाताना वीस मिनिटं आणि येताना दोन तास वीस, मधला खरा वेळ दोन्हीकडे तोच १ तास २०.

असं का, तर भूगोलाने दोन्ही देश एकाच वेळेत असायला हवेत, माद्रिद तर लंडनच्याही पश्चिमेला आहे. पण १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने घड्याळ मध्य युरोपच्या वेळेला लावलं आणि ते तसंच राहिलं. पोर्तुगालने १९९२ ते १९९६ मध्ये तीच वेळ वापरून बघितली आणि परत मागे आले. उन्हाळ्या-हिवाळ्याचा घड्याळबदल दोन्ही देशांत एकाच क्षणी होतो, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे आपसातला फरक वर्षभर एकच तास. आपल्याशी फरक मात्र बदलतो: माद्रिद हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन, लिस्बन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. घरी फोन करताना उपयोगी पडेल.

घ्यायला येणाऱ्याला वेळ कळवताना मधलं गणित करूच नका, तिकिटाचा फोटो पाठवा.

पायरी ५: दारापासून दारापर्यंत मांडा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कागद घ्या आणि एकेक तुकडा लिहा. मी माद्रिदला सोल चौकाजवळचं हॉटेल आणि लिस्बनला बायशा भागातलं घर धरते.

हॉटेल ते विमानतळ ४५ मिनिटं धरा. मेट्रोची ८ नंबरची गुलाबी लाइन नुएव्होस मिनिस्तेरिओसहून जाते, एअरपोर्टसाठी तिकिटावर ३ युरो जास्त लागतात. आतोचा स्टेशनहून टर्मिनल ४ ला लोकल ट्रेन पण जाते, सेर्कानियास म्हणतात तिला. सामान जास्त आणि माणसं तीन-चार असतील तर टॅक्सी घ्या, शहराच्या एम-३० रिंगरोडच्या आतून विमानतळाला ठरलेला एकच दर आहे, मीटरची भानगड नाही. टर्मिनल कुठलं ते निघायच्या आधी बघाच, टर्मिनल ४ बाकीच्या तीनांपासून बरंच लांब आहे, मेट्रोचं स्टेशनही वेगळं, चुकीच्या ठिकाणी उतरलात तर शटल बसने जाण्यात वेळ जातो.

विमानतळावर किती आधी? फक्त केबिन बॅग असेल तर ७५ मिनिटं पुरतात, बॅग टाकायची असेल तर ९०. आमच्याकडे आत्यासाठी सुंगटाच्या बालशांवच्या (कोळंबीच्या लोणच्याच्या) बाटल्या होत्या, लोणचं, चटणी हे सगळं सिक्युरिटीवाले लिक्विडमध्येच धरतात, ते केबिनमधून जाणार नाही म्हणून बॅग टाकावीच लागली. आपल्या लोकांचा प्रवास बहुधा असाच असतो, तेव्हा ९० च धरा.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, त्यामुळे मध्ये इमिग्रेशन नाही, शिक्का नाही, रांग नाही. पासपोर्ट मात्र हातात ठेवा, बोर्डिंगला कधीकधी बघतात.

फ्लाइट ८० मिनिटं. उतरून बाहेर यायला १५, बॅग यायची असेल तर ३५. लिस्बनचं विमानतळ मध्यापासून साताठ किलोमीटरवरच, आतूनच मेट्रोची लाल लाइन सुटते (हे स्टेशन २०१२ मध्ये सुरू झालं), आलामेदाला बदलून हिरव्या लाइनने बायशा, चालणं धरून ४० मिनिटं. कार्ड ५० सेंटचं घ्यावं लागतं, नावेगांते नावाचं, प्रत्येकाचं वेगळं, एका कार्डावर दोघं नाही जात.

आता बेरीज. बॅगसकट ४५, ९०, ८०, ३५, ४० म्हणजे २९० मिनिटं, चार तास पन्नास. नुसत्या केबिन बॅगवर ४५, ७५, ८०, १५, ४० म्हणजे सव्वाचार तास. सव्वा तासाच्या फ्लाइटचा हा खरा हिशोब. माद्रिदहून आठला निघालात तर माद्रिदच्या घड्याळाने १२:५० ला पोचता, म्हणजे लिस्बनचे ११:५०, आणि जेवणाला अगदी वेळेवर.

पायरी ६: दुसरे पर्याय त्याच पट्टीने मोजा

ट्रेन. इथेच लोकांना आश्चर्य वाटतं, दोन राजधान्यांमध्ये थेट ट्रेनच नाही. रात्रीची एक गाडी होती, मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आली नाही. आज जायचं तर माद्रिद ते बादाखोस, तिथून छोट्या रीजनल गाडीने एन्त्रोंकामेंतू, तिथून लिस्बन, गाड्या बदलत सगळा मिळून नऊ तास किंवा जास्त, आणि एक कनेक्शन चुकलं की दिवस गेला. रेल्वेप्रेमी असाल तर जा, वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मी सांगणार नाही. युरोपियन कमिशनने २०३४ पर्यंत हा प्रवास तीन तासांवर आणायचं उद्दिष्ट ठेवलंय, तसं झालं तर हा सगळा लेख मला नव्याने लिहावा लागेल आणि मी तो आनंदाने लिहीन.

बस साधारण आठ तास, माद्रिदच्या एस्तासिओन सूरहून लिस्बनच्या ओरिएंतेला. दोन्ही टोकांना पोचायचा वेळ धरून साडेनऊ. रात्रीची घेतली तर एका हॉटेलचे पैसे वाचतात, तरुण मुलांना परवडतं.

गाडीने ६२५ किमी, नुसतं चालवायला सहा तास, ए-५ हायवेने तालावेरा, त्रुहियो, मेरिदा, बादाखोस, मग पोर्तुगालमध्ये एल्वास, एव्होरा. पोर्तुगालच्या भागात टोल आहे. एका देशातून घेतलेली भाड्याची गाडी दुसऱ्या देशात सोडायला बरेच जास्त पैसे घेतात, बुक करताना तो आकडा आधी बघा. पण दोन दिवस हाताशी असतील तर हाच पर्याय सगळ्यात सुंदर, मेरिदाला रोमन थिएटर, एव्होराला रोमन मंदिर, वाटेत एक रात्र थांबायचं. आणि शेवटी तेजू नदीवरच्या, जोडरस्ते धरून सतरा किलोमीटरच्या वास्को द गामा पुलावरून लिस्बनमध्ये शिरायचं. वास्कोहून आलेल्या माणसाला तिथे काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता बार्सिलोनाशी तुलना करा. विमानाने हिशोब तोच, केबिन बॅगवर सव्वाचार तास. पण तिथे २००८ पासून हायस्पीड रेल्वे आहे, ६२१ किमी रूळ, वेगवान गाड्या अडीच तासांत जातात. सोलहून आतोचा २० मिनिटं, स्टेशनवर अर्धा तास आधी (बॅग स्कॅन होते), ट्रेन १५०, उतरून सांत्स स्टेशनहून शहरात २०, एकूण २२० मिनिटं, तीन तास चाळीस. बॅगा जवळ, लोणच्याच्या बाटल्या जवळ, खिडकीतून देश बघत. म्हणजे तिथे ट्रेन जिंकली आणि लिस्बनला विमान, अंतर तेवढंच असून.

पायरी ७: बुकिंग करताना

मुंबई किंवा गोव्याहून येणाऱ्यांनी जाण्यायेण्याचं तिकीट एकाच शहराचं काढूच नये. जाताना माद्रिदला उतरायचं, येताना लिस्बनहून बसायचं, असं तिकीट मिळतं, दुबईमार्गे तर दोन्ही शहरांना फ्लाइट आहेत. नाहीतर लिस्बन बघून परत माद्रिदला यायचं म्हणजे आणखी पाच तास, वर तो एक तास घड्याळाचाही जातो. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, दोन्हीकडे सारख्या रात्री असतील तर जिथे आधी शिरणार तिथे.

जर लिस्बनहूनच त्याच दिवशी भारताची फ्लाइट पकडायची असेल आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर मध्ये निदान पाच तास ठेवा. पहिली लेट झाली तर दुसरी एअरलाइन तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. आम्ही येताना एक रात्र आत्याकडे जास्त काढली आणि दुसऱ्या दिवशी निघालो, आत्या खूश, आईचे गुडघेही खूश.

आणि स्वस्त तिकीट दिसलं की त्यात बॅग धरलीय का ते बघा. लिस्बनहून काही लो-कॉस्ट फ्लाइट टर्मिनल २ वरून सुटतात, मेट्रो टर्मिनल १ ला थांबते, तिथून फुकट शटल बस आहे, त्यासाठी १५ मिनिटं वेगळी लिहून ठेवा.